बोटीचं इंजिन तापतंय : ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

बोट हर्णै बंदराची (दापोली तालुका), लाकडी ट्रॉलर, घरचीच. इंजिन सहा सिलिंडर, ११० हॉर्सपॉवर, आत गोडं पाणी फिरतं आणि ते गोडं पाणी गार करायला समुद्राचं पाणी हीट एक्सचेंजरमधून जातं. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलंय आणि बोटीवर इंजिनचं मीच बघतो. आजवर या इंजिनचं काहीच लिहून ठेवलेलं नाही, कधी काय बदललं ते बाबांच्या डोक्यात, आणि तिथेही अर्धंच. म्हणून या वेळी तारखेसकट लिहितोय. ज्यांच्या बोटीचं इंजिन असंच तापतंय त्यांना उपयोग झाला तर चांगलंच.

१३ ऑक्टोबर

काल दसरा, इंजिनला हार घातला, नारळ फोडला, आज पहाटे चारला निघालो. साडेआठला १८ वाव (साधारण ३३ मीटर) पाण्यात पहिलं जाळं टाकलं. जाताना १३०० आरपीएमला तापमानाचा काटा ८० वर स्थिर होता, काही त्रास नाही. जाळं पाण्यात जाऊन ओढ बसली आणि तांडेलांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्यांनी, १६०० केले तसा काटा हलायला लागला, वीस मिनिटांत ९०, अर्ध्या तासात ९८. मी आत उतरलो तर रंगाचा जळका वास आणि हेडर टँकच्या (गोड्या पाण्याच्या टाकीच्या) झाकणाखालून वाफ.

एका खलाशाने बादली भरून आणली होती, टँकमध्ये ओतायला. तांडेल वरून ओरडले, "झाकणाला हात लावू नकोस रे!" बरं झालं ओरडले. ते झाकण प्रेशरचं असतं, आतलं पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही कारण ते दाबाखाली असतं, झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं पाणी एकदम उसळून तोंडावर येतं. आणि तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी घातलं तर हेडला तडा जाऊ शकतो तो वेगळाच. इंजिन बंदही केलं नाही, लोड काढून स्लोवर ठेवलं कारण बाजूच्या पाइपातून समुद्राचं पाणी थोडं तरी पडत होतं, म्हणजे पंप फिरतोय. एकदम बंद केलं असतं तर आतली उष्णता तिथेच अडकली असती. पाणी अजिबातच पडत नसतं तर मात्र लगेच बंद करायचं.

जाळं ओढायचा विंचसुद्धा इंजिनवरच चालतो, त्यामुळे जाळं वर घ्यायला दोन तास लागले, थोडं ओढायचं, थांबायचं, काटा खाली आला की परत ओढायचं. १००० आरपीएमने परत आलो. हजारेक लिटर डिझेल आणि तीन टन बर्फ भरून चार दिवसांसाठी निघालो होतो, संध्याकाळी हर्णैसमोर नांगर टाकला तेव्हा खणात दोन टोपल्या कोळंबी होती. बाबा किनाऱ्यावर उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त विचारलं, सगळे बरे आहात ना.

१४ ऑक्टोबर

सकाळपासून ज्याला त्याला कारण माहीत आहे. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला पाण्याची वाट उघडणारी झडप), हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग), पंप, डिझेलच खराब. मी ठरवलंय की अंदाजाने एकही पार्ट बदलायचा नाही, पाणी जिथून आत येतं तिथून सुरुवात करायची आणि ते जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत त्याच्या मागे मागे जायचं. पण त्याआधी एक गोष्ट, काटा खरं बोलतोय का? सेंडरची (इंजिनवरून काट्याला तापमान कळवणारा भाग) वायर खराब असली, अर्थ सैल असला तरी काटा खोटं दाखवतो, आणि मग आपण नसलेला आजार शोधत बसतो.

चुलतभावाकडून तापमान मोजायची बंदूक आणली, इन्फ्रारेडची. इंजिन नांगरावरच तापवलं आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर धरली. काटा ८४, बंदूक ८१. चकचकीत धातूवर ती बंदूक कमी दाखवते म्हणून तिथे काळ्या टेपचा तुकडा लावला, मग ८३. म्हणजे काटा खरा आहे, इंजिन खरंच तापतंय.

इंजिन गार झाल्यावर हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, चार वर्षांपूर्वी एका मिस्त्रीने काढून टाकला, "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून. हा समज सगळ्या बंदरांवर आहे आणि मला याचा खरंच त्रास होतो. आमच्या इंजिनमध्ये थर्मोस्टॅट उघडला की त्याची खालची चकती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ते भोक कायम उघडं, मग गरम पाण्यातला बराच भाग एक्सचेंजरकडे जातच नाही, आतल्या आत फिरून परत पंपात येतो. वर सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल नीट जळत नाही, कार्बन धरतो. म्हणजे गार राहावं म्हणून काढलेला थर्मोस्टॅट लोडवर उलट तापवायलाच मदत करतो. पण चार वर्षं थर्मोस्टॅट नव्हता आणि इंजिन या महिन्यात तापायला लागलं, म्हणजे एकटं हे कारण नाही. नवीन, ७६ अंशांना उघडणारा, मागवला.

गोडं पाणी म्हणून जे बाहेर काढलं ते तांबडं. कूलंट नव्हतंच, नुसतं नळाचं पाणी. बेल्ट घट्ट आहे, गोड्या पाण्याच्या पंपाला गळती नाही, पुली धरून हलवली तर खेळत नाही. डिपस्टिकवर तेल काळंच आहे, दुधाळ नाही, म्हणजे तेलात पाणी गेलेलं नाही.

१५ ऑक्टोबर

समुद्राच्या पाण्याची वाट आमच्या बोटीत अशी आहे : तळाला जाळी, मग कॉक (पाणी बंद करायचा), मग स्ट्रेनर (गाळणी), मग फळ्यांखालून रबरी होज, मग पंप, पंपातून गिअर ऑइल कूलर, तिथून हीट एक्सचेंजर, आणि शेवटी बाजूच्या पाइपातून बाहेर. एग्झॉस्ट आमचा कोरडा आहे, वर धुराड्यातून जातो, त्यामुळे त्यात पाणी मिसळत नाही.

स्ट्रेनर उघडला. वाळू, शेवाळ, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. जाळी चोंदलेली नव्हती पण तळाला दोन बोटं गाळ. ही आंजर्ल्याच्या खाडीची देणगी, हर्णैला आडोसा नाही, वारा फिरला की आम्ही सगळे खाडीत पळतो, आणि खाडीच्या तोंडावर वाळू इतकी भरलीय की भरतीलाच आत जाता येतं, तेव्हाही बोटीचा पंखा (प्रोपेलर) तळाची वाळू ढवळत जातो आणि तेच गढूळ पाणी इंजिन पितं. स्ट्रेनरच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं, तेही बदललं. तिथून हवा ओढली तरी पंप नीट पाणी उचलत नाही, आणि पाणी गळत नसल्यामुळे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग पंपाची प्लेट काढली. इंपेलरच्या (पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चाक) सहा पात्यांपैकी दोन गायब, तिसरं मुळाशी फाटलेलं. मिळालं कारण, असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. नवीन इंपेलर घरात होता तो बसवला, आधी आतून ग्लिसरीन लावलं कारण पहिले काही सेकंद तो कोरडाच फिरतो.

पण तुटलेली दोन पाती गेली कुठे? पंपातून निघालं की पुढे जायला एकच रस्ता आहे. रबर विरघळत नाही. ते पुढे कुठेतरी अडकून बसलंय.

१७ ऑक्टोबर

काल कोजागिरी झाली, उधाणाचं पाणी, म्हणून बोट खाडीत नेऊन वाळूवर बसवायची ठरवली. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट. पंधरा तिथीचे सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेला साधारण अकरा-बाराच्या दरम्यान भरती आणि संध्याकाळी सहाच्या आसपास सुकती (ओहोटी). भरतीला बोट वर नेली, दोन्ही बाजूंना टेकू लावले, पाणी उतरेपर्यंत थांबलो.

तळाची जाळी बघून मी थोडा वेळ बोललोच नाही. अर्ध्याहून जास्त भोकं पांढऱ्या खरखरीत शिंपल्यांनी बंद. पावसाळ्यात बोट वर होती तेव्हा ही साफ केलेली, ऑगस्टपासून अडीच महिन्यांत एवढं. पंख्यावरही तेच, आणि शाफ्टला जुन्या जाळ्याचा दोर गुंडाळलेला. पंखा घाण असला की इंजिनला तेवढ्याच वेगासाठी जास्त जोर लावावा लागतो, जास्त डिझेल जळतं, जास्त उष्णता तयार होते. गेल्या दोन फेऱ्यांत तांडेल म्हणत होते की धूर काळा येतोय आणि बोट जड वाटतेय. ते बरोबर होते आणि मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

सगळ्यांनी मिळून खरवडलं, दिवा लावून रात्री नऊपर्यंत, पाणी परत चढायच्या आत. नेपाळचे चार जण आहेत आमच्याकडे, सीझनभर घर सोडून राहतात, बोट उभी राहिली की त्यांचंही काम थांबतं. कोणी सांगितलं नव्हतं पण शेवटचा माणूस पाण्यातून बाहेर येईपर्यंत सगळे राबत होते.

कॉकमधून आतून तार घालून बघितली, मोकळा आहे.

१९ ऑक्टोबर

हीट एक्सचेंजर काढला. दोन्ही बाजूची झाकणं उघडली आणि समोरच, आत येणाऱ्या तोंडाशी, रबराची दोन पाती. आणि त्यांच्यामागे आणखी तीन तुकडे, जुने, कडक झालेले. म्हणजे आधीही कधीतरी इंपेलर तुटला होता, कोणीतरी नवीन बसवला आणि तुकडे शोधलेच नाहीत. तुकडे मोजणं हे इंपेलर बदलण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे, पाती सहा असतील आणि हातात चारच आली तर काम अर्धंच झालंय.

आत ६४ नळ्या आहेत. उजेडाकडे धरून मोजल्या, १९ पूर्ण बंद, बाकीच्यांतही कडेने पांढरा थर. जस्ताची कांडी झाकणाला असते, धातू खाणाऱ्या खाऱ्या पाण्याला आधी ती खाऊ द्यायची म्हणजे नळ्या वाचतात, ती शिल्लकच नव्हती. नुसता पितळी बोल्ट. कधीपासून ते कोणाला माहीत नाही. लिहून न ठेवल्याचा तोटा हा असा दिसतो.

नळ्यांचा गठ्ठा बाहेर काढून आधी लाकडी काडीने एकेक नळी मोकळी केली. लोखंडी सळई घालायची नाही, नळ्या मऊ असतात आणि त्यांची भिंत पातळ, आतून ओरखडा पडला की तिथूनच पुढे भोक पडतं. मग प्लास्टिकच्या पिंपात २० लिटर कोमट पाण्यात एक किलो सायट्रिक अॅसिड टाकून त्यात बुडवून ठेवला. ओळखीतला एक जण म्हणाला संडास धुवायचं अॅसिड वापर, दहा मिनिटांत साफ. होतंही साफ, पण ते नळीही खातं आणि सांध्याचं कामही खराब करतं. माझ्याकडे वेळ होता, गठ्ठा नवीन घ्यायला पैसे नव्हते. तीन तासांत बुडबुडे थांबले. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, परत साध्या पाण्याने. ६४ पैकी ६४ मोकळ्या. एका बाजूला हाताने पाणी भरून दुसरीकडे फडकं धरलं, कुठे पाझरत नाही.

गिअर ऑइल कूलरमध्येही एक तुकडा निघाला, छोटा.

२० ऑक्टोबर

नवीन थर्मोस्टॅट आला. बसवायच्या आधी घरी आईच्या एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन, दोऱ्याने लटकवून, बाजूला थर्मामीटर ठेवून गॅसवर तापवला. नवीन वस्तू बरोबरच असेल असं धरून चालायचं नाही. ७७ ला हलायला लागला, ८८ ला पूर्ण उघडला. आई म्हणाली पातेलं आता परत स्वयंपाकात आणू नको, ते बोटीवरच राहू दे.

एक्सचेंजर जोडला, नवीन ओ-रिंगा, नवीन जस्त. गोड्या बाजूला आधी तीन वेळा साधं पाणी फिरवून काढलं, तांबडेपणा गेल्यावर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. हवा अडकू नये म्हणून वरचा छोटा स्क्रू सैल करून भरलं.

२१ ऑक्टोबर

ट्रायल. बरोबर बर्फ नाही, जाळं मात्र घेतलं, समोरच्या सुवर्णदुर्ग किल्ल्याच्या बाहेर तासभर ओढून बघायचं.

१३०० ला ७९. छान. जाळं टाकून १५०० ला ८३, बराच वेळ तिथेच, आमचे सगळ्यांचे चेहरे खुलले. १६०० ला ८६. १७०० केले आणि दहा मिनिटांत ९१, मग ९४, आणि थांबायचं नाव नाही. बाहेर पडणारं पाणी बंदुकीने बघितलं, पाइपाच्या तोंडाशी ५१. समुद्राचं पाणी २९. म्हणजे एवढुशा पाण्यावर सगळा भार येतोय, पाणी कमी आहे म्हणून ते एवढं गरम होऊन बाहेर पडतंय.

किनाऱ्यावर आल्यावर मोठे मिस्त्री आले, वयाने आणि अनुभवाने माझ्यापेक्षा कितीतरी मोठे, त्यांनी ऐकलं आणि म्हणाले हेड उघड, गॅस्केट गेलंय, गॅस पाण्यात जातोय. हेड उघडायचं म्हणजे आठ-दहा दिवस आणि मोठा खर्च, आणि दिवाळी तोंडावर. बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, काका, तुमचं बरोबर असेल, पण उघडायच्या आधी मला एक सकाळ द्या.

२२ ऑक्टोबर

पहाटे, इंजिन एकदम गार. हेडर टँकचं झाकण काढून टाकलं, टँक काठोकाठ भरला आणि इंजिन चालू केलं. गॅस्केट गेलं असेल तर जळालेला गॅस पाण्यात येतो आणि इंजिन थंड असतानाच बुडबुडे यायला लागतात, थांबत नाहीत, आरपीएम वाढवले की वाढतात. सुरुवातीला चार-पाच आले, अडकलेल्या हवेचे, मग काही नाही. दहा मिनिटं टॉर्च लावून बघत बसलो, पाण्याचा पृष्ठभाग शांत. पाण्याला डिझेलचा वास नाही, वर तेलाचा तवंग नाही. मिस्त्री काका स्वतः येऊन बघून गेले, म्हणाले, नको उघडूस. मोठ्या माणसाने असं सरळ म्हणणं मला फार मोलाचं वाटलं.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. पाणी मोजलं. इंजिन ४० मिनिटं चालवून सगळं गरम होऊ दिलं, मी छोट्या होडीत बसून बाजूच्या पाइपाखाली २० लिटरचा ड्रम धरला, चुलतभाऊ घड्याळ लावून. ८०० आरपीएमला ड्रम २४ सेकंदांत भरला, म्हणजे मिनिटाला ५० लिटर. १२०० ला १६ सेकंद, ७५ लिटर. इथपर्यंत बरोबर, हा पंप असा असतो की जेवढे फेरे तेवढं पाणी, दीडपट फिरवला की दीडपट पाणी. त्या हिशोबाने १८०० ला ११२ लिटरच्या आसपास यायला हवं होतं, ड्रम अकरा सेकंदांच्या आतच भरायला हवा.

१५०० ला १९ सेकंद लागले. ६३ लिटर. १८०० ला २१ सेकंद. ५७ लिटर!

परत केलं, परत तेच. वेग वाढतोय आणि पाणी कमी होतंय. पुढे कुठे अडथळा असता, एक्सचेंजर चोंदलेला असता, तर पाणी वाढायचं थोडं कमी झालं असतं, पण ते उलटं मागे फिरलं नसतं. पंप जेवढ्या जोरात ओढतोय तेवढी त्याची वाट बंद होतेय. म्हणजे दोष पंपाच्या आधी आहे, ओढण्याच्या बाजूला. आणि तिथे एकच गोष्ट मी बघितली नव्हती, कारण ती फळ्यांखाली आहे आणि बाहेरून चांगली दिसते.

फळ्या काढल्या. चुलतभावाला वर थ्रॉटलवर बसवला, मी पोटावर झोपून होजवर हात ठेवला. स्लोवर गोल. १२०० ला गोल. १४०० ला गिअरबॉक्सजवळच्या वळणावर थोडा आत बसला. १६०० ला चपटा. १८०० ला माझ्या हाताखाली दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या, पोळी दुमडावी तशा. थ्रॉटल सोडला की एका सेकंदात परत गोल, जसं काही झालंच नाही.

म्हणून सापडत नव्हता. बंद इंजिनवर बघितलं की होज नवा कोरा दिसतो.

२३ ऑक्टोबर

हा होज जुलैमध्ये बोट वर असताना मी आणि बाबांनीच बसवला. जुन्याला चिरा होत्या म्हणून बदलला, बाजारात दोन इंची रबरी होज मिळाला, जाड होता, कापडाचे थर होते, आम्ही घेतला. पण तो पाणी ढकलण्यासाठीचा होज आहे, ओढण्यासाठीचा नाही. त्याला आतून दाब पडला तर टिकतो, आतून ओढ लागली तर सांभाळायला त्यात वायरचं कडं नाही. नवा होता तोवर कडक होता म्हणून चाललं, ऑगस्ट-सप्टेंबर गेले. गिअरबॉक्सच्या उष्णतेने वळणावर मऊ झाला आणि मग बसायला लागला. कापून बघितला, वळणाच्या आतल्या बाजूला रबर सुटं होऊन फुग्यासारखं उचललेलं.

हे लिहिताना मला वाईट वाटतं. दहा दिवस, एक अख्खी फेरी. पण चूक आमची आहे आणि ती तशीच लिहायला हवी, नाहीतर पुढच्या जुलैत मी परत तोच होज घेईन.

इंपेलरही मला वाटतं याच्यामुळेच गेला. पुरेसं पाणी मिळालं नाही की रबर अर्धं कोरडं घासतं, तापतं, पाती मुळाशी फाटतात. नुसता इंपेलर बदलून गेलो असतो तर महिनाभराने परत तुटला असता. जाळीवरच्या शिंपल्यांनी ओढ आणखी वाढवली, नळ्या चोंदलेल्या, पंखा जड, थर्मोस्टॅट नाही. सगळे दोष थोडे थोडे होते आणि होजने शेवटची वाट बंद केली.

दापोलीत आणि खेडला विचारलं, आत स्टीलची वायर असलेला दोन इंची सक्शन होज नाही. मुंबईला मावसभाऊ असतो, त्याला फोन केला, तो तिथल्या दारूखाना भागात, जिथे बोटीचं सामान मिळतं, जाऊन तीन मीटर घेऊन आला, रात्रीच्या गाडीने पाठवतोय. फोनवर त्याला एकच सांगितलं, हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी दाब, दबला तर घेऊ नको.

२५ ऑक्टोबर

होज बसवला. वळण आता आधीपेक्षा मोठं घेतलं, गिअरबॉक्सपासून एक वीत लांब. प्रत्येक तोंडाला दोन दोन स्टीलच्या क्लिपा. ही पाण्याच्या पातळीच्या खालची जागा आहे, इथला होज निसटला तर बोट भरते, म्हणून कॉक पाच-सहा वेळा उघडबंद करून बघितला, अडला तर हाताशी असावा म्हणून त्याच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने तिथेच बांधून ठेवली.

परत ड्रम. ८०० ला २४ सेकंद. १२०० ला १६. १५०० ला १३. १८०० ला साडेदहा सेकंद, म्हणजे मिनिटाला ११४ लिटर. होडीत बसून मी मोठ्याने आकडा सांगितला आणि वर बाबा हसले, दसऱ्यापासून पहिल्यांदा.

२६ ऑक्टोबर

जाळं टाकून तीन तास ओढलं, मुद्दाम. १६०० ला ८१, १७०० ला ८२, १८०० ला पाऊण तास, ८४ आणि तिथेच. बाहेर पडणारं पाणी ३८. धूर फिका. फळ्या काढून होजला हात लावला, गोल आणि गार. डिझेल तासाला साधारण १५ लिटरच्या आसपास लागलं, त्याचा हिशोब या फेरीपासून ठेवतोय, वाढलं तर पंखा बघायचा.

तांडेलांनी विचारलं, आता १८०० ला बिनधास्त चालवू का? मी म्हटलं चालवा, पण दर तासाला बाजूच्या पाण्याकडे एक नजर टाका. काटा तापल्यावर सांगतो, ते पाणी आधी सांगतं.

३ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन करून काल निघालो, आज दुसरा दिवस, समुद्रातूनच लिहितोय. आत्ता १६५० वर ८१. रात्री स्ट्रेनर उघडला, थोडं शेवाळ, बाकी काही नाही.

इंजिनच्या खणात दाराच्या मागे एक वही टांगली आहे, प्लास्टिकच्या पिशवीत. तारीख, आरपीएम, काटा, बाहेरचं पाणी, तेल. पहिलं पान मी भरलं, दुसरं एका खलाशाने, त्याच्या नेपाळी अक्षरात, आकडे तेच म्हणून सगळ्यांना वाचता येतात.

१५ नोव्हेंबर

त्रिपुरी पौर्णिमा. उधाण आहे म्हणून बोट परत खाडीत वाळूवर बसवून तळाची जाळी बघितली. महिन्यात पाच-सहा शिंपले धरलेत, खरवडले. जस्त उघडलं, कडा खाल्लेल्या आहेत, पाऊण शिल्लक, डिसेंबरच्या पौर्णिमेला बदलायचं. इंपेलर काढून बघितला, सहाच्या सहा पाती, परत बसवला. ड्रम १८०० ला साडेदहा सेकंद. बाबांनी जुन्या होजचा कापलेला तुकडा फेकला नाही, पार्टांच्या पेटीत ठेवलाय, जुलैत दुकानात जाताना बरोबर न्यायला. रात्रीच्या भरतीला बाहेर पडायचं, बर्फ पहाटे.